धोरणाच्या शाळेत पहिले पाऊल

वाचकहो, आपल्या घरातले मूल परदेशी शिकायला निघाले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "काय व्हायला चालले?" डॉक्टर, वकील, इंजिनियर किंवा हिशेबनीस, यांपैकी कोणतेही उत्तर दिले तरी विचारणाऱ्याचे समाधान होते. आमची पुतणी २०२५ च्या जुलै महिन्यात सिंगापूरला निघाली तेव्हा मात्र आमची पंचाईत झाली. ती 'सार्वजनिक धोरण' या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यायला चालली होती. शेजारच्या काकूंनी विचारले, "म्हणजे मंत्री होणार का?" नाही म्हटले. "मग मंत्र्याची सेक्रेटरी?" तेही नाही म्हटले. "मग एवढ्या लांब कशाला जायचे?" याला उत्तर देताना आम्हालाच घाम फुटला.

अशा शाळांत दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत होते. आपल्या बेटावरची काही मुलेही तिकडे जातात आणि पुढे आणखी जातील. हे शिक्षण काय आहे आणि आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, हे चार शब्दांत सांगावे म्हणून आजचा हा लेख. पण त्याआधी आमच्या घरात झालेली एक कुरबुर सांगणे भाग आहे, कारण या विषयाचे मर्म आम्हाला पुस्तकात सापडले नाही, ते त्या कुरबुरीत सापडले.

आमचे दादा गवंडी आहेत. सतराव्या वर्षी त्यांनी थापी हातात घेतली, ती अजून सोडलेली नाही. वय अठ्ठावन्न. गुडघे कुरकुरतात, पाठ धरते. पण साठ पुरी झाली की सरकारी वृद्धापकाळ पेन्शन सुरू होईल आणि मग थापी खाली ठेवू, हा हिशेब त्यांनी कित्येक वर्षे मनाशी बांधला होता. २०२५ च्या जून महिन्यात अर्थसंकल्प आला आणि पेन्शनचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्ट करण्याचे जाहीर झाले. कामगार संघटना रस्त्यावर आल्या, घराघरांत वाद झाले. आमच्याही घरात झाला.

त्या दिवशी रात्री जेवताना मुलीने सांगायचा प्रयत्न केला. म्हातारी माणसे वाढत आहेत, मुले कमी जन्मत आहेत, कर भरणारे हात कमी पडत आहेत, तेव्हा कधीतरी काहीतरी बदलावे लागणारच होते. दादांनी घास तसाच ठेवला. म्हणाले, "हेच शिकायला चाललीस का? बापाचे पेन्शन लांबणीवर कसे टाकावे ते?" पोरगी गप्प झाली. वहिनींनी विषय बदलला. पण जाण्याचा दिवस जवळ येत होता आणि बापलेकीत बोलणे थोडे झाले होते, हे सगळ्यांना दिसत होते.

आता त्या शाळेकडे वळू.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाची ली क्वान यू सार्वजनिक धोरण शाळा २००४ साली स्थापन झाली. तिचे मूळ १९९२ सालचे. त्या वर्षी विद्यापीठाने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलच्या सहकार्याने हा अभ्यासक्रम सुरू केला. केनेडी स्कूल स्वतः १९३६ सालची. मंदीने गांजलेल्या त्या काळात सरकारची कामे वाढत होती आणि ती करणारी जाणती माणसे हवी होती, म्हणून ती निघाली. ऑक्सफर्डने अशी शाळा २०१० साली स्थापन केली. थोडक्यात, हे शास्त्र फार जुने नाही. राज्य करणे जुने आहे, पण राज्यकारभार नीट अभ्यासून, मोजून, तपासून करावा, ही शिस्त नवी आहे.

सिंगापूरची ही शाळा बुकित तिमा येथील जुन्या रॅफल्स कॉलेजच्या आवारात भरते. ते कॉलेज १९२८ सालचे. हिरवळीचे दोन चौक आणि भोवती कमानींच्या ओवऱ्या असे त्याचे रूप आहे. ज्यांचे नाव शाळेला दिले आहे ते ली क्वान यू १९४० साली याच कॉलेजात विद्यार्थी म्हणून आले होते. १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि त्यांचे शिक्षण तुटले. आवाराला लागूनच तिथले प्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे. आपल्या पांपलमूसच्या बागेपुढे ते वयाने लहान, पण युनेस्कोच्या जागतिक वारशात २०१५ सालीच जाऊन बसले. शाळेतले बहुतेक विद्यार्थी परदेशचे असतात. कोणी मंत्रालयात काम केलेले, कोणी शिक्षक, कोणी पत्रकार, कोणी पोलीस.

शिकवतात काय? अर्थशास्त्र शिकवतात, संख्याशास्त्र शिकवतात, राज्यव्यवस्था आणि नीती शिकवतात. पण हे सारे एका प्रश्नाभोवती गुंफलेले असते. सरकारने एखादी गोष्ट करायची ठरवली तर तिचा खर्च कोण सोसणार, लाभ कोणाला मिळणार, तो खरोखर मिळाला की नाही हे कसे कळणार, आणि वीस वर्षांनी काय होणार? आपल्याकडे २००५ साली विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बस मोफत झाली. तुम्ही आम्ही म्हणतो, चांगले झाले. या शाळेतला विद्यार्थीही म्हणेल, चांगले झाले. पण पुढे तो विचारील की जिथे दिवसाला चारच बस येतात तिथल्या आजीबाईंना याचा कितीसा उपयोग झाला? तिकीट फुकट झाले, पण बस आली का?

सिंगापूर आणि मॉरिशस ही दोन्ही बेटे, दोघांवर इंग्रजांचे राज्य होते, दोन्हीकडे नाना भाषांचे आणि धर्मांचे लोक. सिंगापूर १९६५ साली स्वतंत्र झाले, आपण १९६८ साली. क्षेत्रफळात सिंगापूर आपल्या निम्म्याहूनही लहान आहे, लोकसंख्येत मात्र आपल्या चौपटीहून मोठे. दोघांकडे ना सोने, ना तेल.

१९६० च्या फेब्रुवारीत सिंगापूरमध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. त्याच महिन्याच्या शेवटी आपल्यावर कॅरोल चक्रीवादळ आले. आमची आई तेव्हा अठरा वर्षांची होती. उसाच्या पाल्याचे छप्पर एका दणक्यात कसे उडाले, भावंडांना पोटाशी धरून सगळे कारखान्याच्या दगडी इमारतीत कसे शिरले, हे ती आजही काल घडल्यासारखे सांगते. हजारो घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर सरकारी वसाहतींची सिमेंटची घरे उभी राहिली. पुढच्याच वर्षी, मे १९६१ मध्ये, सिंगापूरच्या बुकित हो स्वी वस्तीला आग लागली आणि सुमारे १६,००० माणसे बेघर झाली. त्या जागेवर गृहनिर्माण मंडळाने उंच इमारती बांधल्या. आज तिथले बहुसंख्य नागरिक याच मंडळाच्या घरांत राहतात. आपल्यावर वारा कोसळला, त्यांच्यावर आग. दोन्हीकडे संकटातून घराचे धोरण जन्मले. पण कुठे किती घरे झाली, ती कोणाला मिळाली, नंतर कोणी सांभाळली, यात फरक पडला. हा फरक का पडला, हाच त्या शाळेतला अभ्यास.

त्याच सुमारास दोन्ही बेटांनी बाहेरून अर्थतज्ज्ञ बोलावले. सिंगापूरला हॉलंडचे आल्बर्ट विन्सेमियस गेले. आपल्याकडे इंग्लंडचे प्राध्यापक जेम्स मीड आले, ज्यांना पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मीडसाहेबांना आपले भवितव्य बिकट दिसले. माणसे भराभर वाढत होती आणि ऊस सोडून दुसरे काही नव्हते. त्यांची भीती अनाठायी नव्हती, कारण तेव्हा घरात सरासरी सहा मुले असत. पण आपल्या लोकांनी कुटुंबनियोजन स्वीकारले, निर्यात उद्योगांसाठी १९७० साली कायदा झाला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरासरी दोन मुलांवर आली. एवढ्या मोठ्या विद्वानाचे भाकीत एका लहान बेटाने खोटे पाडले.

पण गोष्ट इथे संपत नाही. सिंगापूरनेही १९७० च्या दशकात 'दोन पुरेत' असा प्रचार केला आणि तो इतका फळला की १९८७ साली सरकारला 'परवडत असेल तर तीन किंवा अधिक होऊ द्या' असे उलटे सांगावे लागले. लोकांनी ते फारसे ऐकले नाही. आपल्याकडेही आज पाळणे कमी हलतात. १९६० साली जे औषध होते, त्याचाच परिणाम म्हणून आज म्हाताऱ्यांची संख्या जास्त आणि कमावत्यांची कमी, असे झाले आहे. आमच्या दादांचे पेन्शन लांबले, त्याचा एक धागा थेट मीडसाहेबांच्या अहवालापर्यंत जातो. धोरण चुकले म्हणूनच त्रास होतो असे नाही. यशस्वी झालेले धोरणही पन्नास वर्षांनी बिल पाठवते.

दुसरा दाखला आपल्या आगगाडीचा. १८६४ साली आपल्या बेटावर आगगाडी धावू लागली. मोटारी आणि बस आल्या, आगगाडी तोट्यात गेली. १९५६ साली प्रवाशांची वाहतूक थांबली, १९६४ साली मालाचीही. रूळ उखडले गेले. त्या वेळच्या हिशेबाच्या वहीत तो निर्णय शहाणपणाचाच दिसला असेल. पुढे पोर्ट लुईच्या वाटेवर मोटारींची रांग कशी लागू लागली ते आपण जाणतोच. अखेर २०२० च्या जानेवारीत मेट्रो सुरू झाली आणि २०२२ साली ती क्युरपीपला पोहोचली. पुष्कळ ठिकाणी ती त्याच जुन्या आगगाडीच्या वाटेने धावते! सिंगापूरने १९७५ सालीच शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी येणाऱ्या मोटारींवर पैसे आकारले आणि १९८७ साली आपली शहरी रेल्वे सुरू केली. त्यांचे सगळेच बरोबर आणि आपले सगळेच चूक असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तिथले राज्य कडक आहे, आपल्याकडे माणूस मोकळेपणाने भांडू शकतो, आणि त्या मोकळेपणाचेही मोल आहे. पण उखडलेला रूळ पुन्हा टाकायला किती पडते, हे आपल्याला आता कळले आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या साहेबांचे विषय, आपण शेतमजुरांची पोरे, आपला काय संबंध? आम्ही उलटे म्हणतो. या बेटावर धोरणाशी सर्वांत जवळचा संबंध आपलाच आहे, कारण आपण एका धोरणातूनच इथे आलो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. गुलामी संपत होती, मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, आणि इंग्रज सरकारने करारबद्ध मजुरांचा हा 'महान प्रयोग' करून पाहायचे ठरवले. पुढे मुंबई बंदरातून आपले कोकणातले आणि घाटावरचे पूर्वजही त्याच वाटेने आले आणि आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांना कोणी काही विचारले नव्हते. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापावी, हेही कोणाच्या तरी टेबलावर ठरले होते. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही स्वतःच्या फोटोचा पास खिशात घेऊन फिरावे लागे, नाहीतर अटक होई.

हे बदलले कसे? १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या गृहस्थाने जुन्या मजुरांच्या तक्रारी गोळा केल्या आणि ९,४०१ जणांच्या सह्यांचा अर्ज राज्यपालांकडे दिला. त्यावरून १८७२ साली शाही आयोग आला, त्याने साक्षी घेतल्या, वह्या तपासल्या, आणि १८७५ च्या अहवालात मजुरांच्या हालांची सरकारदरबारी नोंद झाली. १९१२ च्या मार्चमध्ये पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ही करारी मजुरी अजिबात बंद करावी असा ठराव मांडला. ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. पण गोखल्यांचे भाषण म्हणजे नुसता संताप नव्हता, त्यात आकडे होते, कायद्याची कलमे होती, मृत्यूंचे प्रमाण होते. पाचच वर्षांत, १९१७ साली, मजूर पाठवणे थांबले. त्याच गोखल्यांच्या नावाने पुण्यात १९३० साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची संस्था निघाली आणि ती आजही धोरणाचे अभ्यासक घडवते. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या पूर्वजांच्या सुटकेत तिचा वाटा आहे.

हे सगळे आम्ही पुतणीला निघण्याच्या आदल्या रात्री सांगत बसलो होतो. दादा ओट्यावर बसून ऐकत होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मग तिथल्या मास्तरांना एक विचार. कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याची साठ आणि परांचीवर चढणाऱ्याची साठ, ही एकच कशी धरतात?"

पोरगी उठली, वही आणली आणि बापासमोर बसली. "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." किती वर्षे काम, दिवसाला किती पोती सिमेंट उचलली, पहिल्यांदा पाठ कधी धरली, बरोबरच्या गवंड्यांपैकी साठीपर्यंत कामावर किती टिकले, मधल्या काळात मालकाने पेन्शनचे पैसे भरले की नाही. रात्री बारापर्यंत चालले होते. दादांचा राग गेला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे पेन्शन लांबलेच आहे आणि गुडघे दुखतातच. पण निघताना त्यांनी मुलीची जड पेटी स्वतः उचलली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. तिचा फोन आला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच आणि तिच्याकडे रात्रीचे नऊ. नव्या मुलांचे स्वागत कसे झाले ते ती भरभरून सांगत होती. आवार दाखवले, ग्रंथालय दाखवले, जेवू घातले. मग सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितले, आणि आपल्या देशातला कोणता प्रश्न घेऊन आलात तेही सांगा म्हटले. कोणी पुराचे सांगितले, कोणी शाळा सोडणाऱ्या मुलींचे, कोणी परदेशी गेलेल्या आयांच्या मागे राहिलेल्या लेकरांचे. तिची पाळी आली तेव्हा तिने दादांचा प्रश्न सांगितला. संपल्यावर फिलिपिन्सचा एक मुलगा तिच्याकडे आला. म्हणाला, "माझे वडील मासेमार आहेत. त्यांच्या साठीचेही असेच आहे." दोघांनी मिळून त्यावर निबंध लिहायचे ठरवले आहे.

हे आम्ही दादांना सांगितले. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "आणि मास्तर काय म्हणाले?"

"मास्तर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. उत्तर तुम्हीच शोधा."

"मग पैसे कशाचे घेतात?" दादा म्हणाले, आणि हसले. त्या जूननंतर या विषयावर ते पहिल्यांदाच हसले.

वाचकहो, अशा शाळांत पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे इतकेच सांगणे आहे. आकडे मन लावून शिका, कारण आकड्यांवाचून मांडलेल्या गाऱ्हाण्याला कचेरीत कोणी खुर्ची देत नाही. पण प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी गुडघे आहेत हे विसरू नका. मोठ्या देशांच्या युक्त्या पाहा, पण त्या जशाच्या तशा पेटीत भरून आणू नका. आपल्या मातीत कोणती रुजेल ते पारखून आणा. आणि जमेल तेव्हा परत या. मीडसाहेब आले आणि गेले. त्यांना इथे म्हातारे व्हायचे नव्हते. आपल्याला व्हायचे आहे.

आणि आईवडिलांना सांगणे असे की, "काय व्हायला चालले?" याचे उत्तर चटकन देता आले नाही तरी लाजू नका. एके काळी आपल्याबद्दलचे सारे निर्णय दुसऱ्यांच्या टेबलावर झाले. आता त्या टेबलाशी आपलीही एक खुर्ची असावी, म्हणून ही मुले चालली आहेत. त्यांची वाट सुखाची होवो.